फर्मा कोणाच्या पायाचा?

बुटाच्या खोक्यावर एक छोटं लेबल असतं. त्यावर लिहिलेलं असतं: यूके ८, ईयू ४२. आपण हा आकडा पायाचं माप म्हणून पाठ केलेला असतो आणि ऑनलाइन खरेदी करताना डोळे झाकून तोच निवडतो. पण तो आपल्या पायाचा नसतोच. ज्या ठोकळ्यावर चढवून तो बूट बनवला, त्या ठोकळ्याच्या लांबीचा तो आकडा आहे.

या ठोकळ्याला आपल्याकडचे कारागीर फर्मा म्हणतात. छापखान्यातला सोळा पानांचा फर्माही त्याच कुळातला शब्द. उत्तरेत त्याला कालबूत म्हणतात. हा फारसीतून आलेला शब्द, आणि मूळ फारसीत त्याचा अर्थ साचा असा होतो, तसाच शरीर असाही. बूट विकायला येतो तेव्हा फर्मा काढून घेतलेला असतो. म्हणजे कोऱ्या बुटात आपण पाय घालतो त्याआधी एक पाय त्यात राहून गेलेला असतो. तो कधी लाकडाचा असतो, कधी प्लॅस्टिकचा. बूट चावतो तेव्हा भांडण आपल्या पायाचं आणि त्या आधीच्या पायाचं असतं.

हा आधीचा पाय कोणाचा, याची गोष्ट भंडाऱ्याहून सुरू करायला एक छोटंसं कारण आहे.

जवाचं माप, धानाचा जिल्हा

इंग्रजी नंबराचं गणित असं आहे. एक नंबर म्हणजे जवाचा एक दाणा, आणि तीन दाणे म्हणजे एक इंच. लहान मुलांचा शून्य नंबर चार इंचांवर, म्हणजे बारा जवांवर सुरू होतो. तेरा नंबरपर्यंत मुलांचे बूट. मग पुन्हा एकपासून मोठ्यांचे. आता मोठ्यांचा आठ नंबर काढून बघा: १२ अधिक १३ अधिक ८, म्हणजे ३३ जव. तिनाने भागलं की ११ इंच, सुमारे २७.९ सेंटिमीटर. युरोपचं एकक वेगळं, दोन तृतीयांश सेंटिमीटरचं. ४२ ला त्याने गुणलं की २८ सेंटिमीटर. दोन्ही आकडे एकाच ठोकळ्यापाशी येऊन थांबतात. त्यात मावणारा पाय मात्र सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने आखूडच असतो, कारण बोटांपुढे थोडी मोकळी जागा लागते. टोक निमुळतं असेल तर ही जागा आणखी वाढते. म्हणून एका कंपनीचा आठ नंबर बसतो आणि दुसरीचा बसत नाही.

जव मोजायची सवय आपल्यालाही जुनीच आहे. जुन्या भारतीय मापांत आठ यव शेजारी शेजारी ठेवले की एक अंगुळ होतं. फरक इतकाच की अंगुळ मोजणाऱ्याच्या हाताला लगडलेलं होतं, आणि बुटाचा जव समुद्रापलीकडून आला.

भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. पावसाळ्यात रोवणी सुरू झाली की बांधीत गुडघ्यापर्यंत चिखल असतो आणि त्यात कातड्याचा जोडा टिकत नाही. तो चिखल पाय ओढून घेतो, कातडं कुजवतो. म्हणून कामाच्या वेळी पाय अनवाणी. बांधावरून, चिखलातून, तापलेल्या मुरमावरून चालणाऱ्या पायाची बोटं पसरलेली असतात, पंजा रुंद असतो. अशा पायासाठी आज तुमसर-साकोलीच्या बाजारात जो बूट मिळतो, तो जवाच्या दाण्यांत मोजलेला, आणि मोजलेली असते फक्त लांबी. रुंदीचा पर्याय विचारलात तर दुकानदार एक नंबर मोठा काढून देतो. मग बूट पंज्याला बसतो आणि टाचेतून निसटतो.

फर्मा नेमकं काय करतो

फर्मा म्हणजे पायाची हुबेहूब नक्कल नव्हे. त्याला बोटं नसतात. पुढचा भाग जमिनीपासून किंचित उचललेला असतो, कारण बुटाचा तळ पायाइतका वाकत नाही आणि पाऊल पुढे टाकताना टोक अडखळू नये. टाचेखाली जेवढी उंची द्यायची, तेवढा फर्म्याचा मागचा भाग वर असतो. घोट्याखालचा भाग पायापेक्षा थोडा बारीक ठेवतात, म्हणजे बूट पायाला धरून राहतो. पंज्याचा घेर आणि पावलाच्या उंचवट्याचा घेर ही दोन मापं चुकली की नंबर बरोबर असूनही बूट चावतो.

काम असं चालतं. फर्म्याच्या तळाला आतला सोल ठोकतात. वरच्या भागाचं कापून शिवलेलं कातडं फर्म्यावर पालथं घालतात. मग पक्कडीने ते सगळीकडून ताणून तळाशी दुमडायचं आणि खिळ्यांनी किंवा डिंकाने बसवायचं. टोकाशी कातड्याला चुण्या पडतात, त्या एकसारख्या मिटवणं हे खरं कसब. त्यानंतर बूट काही काळ फर्म्यावरच राहू द्यायचा, म्हणजे कातडं तो आकार विसरत नाही. शेवटी तळ लावायचा आणि फर्मा ओढून काढायचा. सरळ ठोकळा घोट्याच्या अरुंद तोंडातून बाहेर येणार नाही, म्हणून त्याला बिजागरी असते किंवा वरचा तुकडा वेगळा निघतो.

बूट फर्म्यावर अडकून राहत असल्यामुळे कारखान्याला प्रत्येक नंबरचे अनेक जोड लागतात. टोकाचा आकार बदलला की सगळा संच बदलावा लागतो. ही मोठी गुंतवणूक असते. एकदा ठरलेला चुकीचा पाय वर्षानुवर्षं का टिकतो, याचं निम्मं उत्तर या हिशोबात आहे.

बस स्टँडबाहेर बसणाऱ्या कारागिरापुढे जी लोखंडी तिपाई असते, तिची तिन्ही टोकं पायासारखी असतात: एक मोठं, एक लहान, एक टाचेपुरतं. तीही फर्म्याचीच बहीण. पण ती आकार देत नाही. ठोकताना खालून आधार देते, एवढंच.

फर्म्याशिवायची पावलं

आपल्या पायताणांना बराच काळ फर्म्याची गरज नव्हती. कोल्हापुरी चप्पल बघा. तळ रापीने कापायचा, त्यावर कान, पट्टा, अंगठा आणि वेणी बसवायची, कातड्याच्याच वादीने शिवायचं. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं हे कातडं सुरुवातीला कडक असतं, आणि नवी चप्पल काही दिवस चावते हे सगळ्यांना माहीत असतं. पण मग ती घालणाऱ्याच्या पायासारखी होते. तिथे फर्मा म्हणजे गिऱ्हाइकाचा स्वतःचा पाय. उत्तरेकडच्या मोजडीची तऱ्हा तशीच. तिला डावा-उजवा नसतो. आधी शिवतात, मग आत लाकडाचे तुकडे आणि पाचर ठोकून फुगवतात. डावा कोणता आणि उजवा कोणता हे वापरणाऱ्याच्या चालण्यावरून ठरतं.

या उघड्या पायताणामागे एक जुना विचारही आहे. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. बौद्ध भिक्खूंच्या आचारनियमांच्या विनयपिटकात पादत्राणांवर एक अख्खं प्रकरण आहे. सोण कोळिविस नावाचा श्रीमंताघरचा मुलगा भिक्खू झाला आणि अनवाणी चालून चालून त्याच्या कोवळ्या तळव्यांतून रक्त आलं. बुद्धाने त्याला वहाणा घालायची परवानगी दिली. मला एकट्याला सवलत नको, असं सोण म्हणाला. तेव्हा बुद्धाने सगळ्याच भिक्खूंना एका पदरी तळाच्या वहाणा मोकळ्या केल्या. त्याच प्रकरणात पाय झाकणाऱ्या, मेंढ्याच्या शिंगासारख्या टोकाच्या दिखाऊ जोड्यांना मनाई आहे. पाय जखमी होऊ नये इतकं हवं, मिरवायला नको.

पण उघडी वहाण सगळ्यांनाच मोकळी होती, असं समजायचं कारण नाही. आपल्या गावांत मेलेलं जनावर ओढून नेणारे, कातडं कमावणारे आणि जोडा शिवणारे हात ठरलेल्या जातींचे होते. आणि वरच्या आळीतून जाताना वहाणा हातात घ्यायच्या, हा नियम त्यांच्याचसाठी होता. जो जोडा बनवतो, त्याच्या पायात तो गावभर राहू शकत नव्हता. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेली जनावरं ओढणं सोडा असं सांगितलं, ते या साखळीची पहिली कडी तोडण्यासाठी.

डावा-उजवा हरवतो आणि सापडतो

युरोपातल्या कारागिरांनाही एक मोठी गोष्ट पुन्हा शिकावी लागली. रोमन काळात आणि मध्ययुगात तिथे डाव्या-उजव्या पायाचे वेगळे जोडे बनत. साधारण १६०० नंतर उंच टाचांची फॅशन आली. टाचेच्या उंचीसाठी वळणदार फर्मा कोरायचा आणि त्याची आरशातली प्रतिमा असलेला दुसराही कोरायचा, हे हाताने फार किचकट. मग एकच सरळ फर्मा दोन्ही पायांसाठी वापरू लागले. जवळजवळ दोनशे वर्षं युरोपातली माणसं डावा-उजवा भेद नसलेले बूट घालत होती. फौजांमध्ये तर बूट सारखे झिजावेत म्हणून ते अदलाबदल करून घालायला सांगत.

ही कोंडी फोडण्यात बंदुकीची मदत झाली. अमेरिकेतल्या थॉमस ब्लँचर्डने १८१९ मध्ये बंदुकीचे वेडेवाकडे दस्ते कातणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. एक चाक नमुन्यावरून फिरतं आणि कातणारं पातं दुसऱ्या लाकडावर तोच आकार उतरवतं. दस्ता उतरवणारं यंत्र फर्माही उतरवू शकतं. एक चांगला फर्मा कोरला की त्याच्या हव्या तितक्या नकला निघू लागल्या.

पण नमुनाच चुकीचा असेल तर? १८५८ मध्ये झुरिकचे शरीरशास्त्रज्ञ हेर्मान फॉन मायर यांनी बुटाच्या योग्य आकारावर एक पुस्तिका लिहिली. त्यांचं म्हणणं साधं होतं. अंगठ्याच्या मधून काढलेली रेघ मागे वाढवली तर ती टाचेच्या मध्यातून गेली पाहिजे. बाजारातले बूट मधोमध टोकदार, त्यामुळे अंगठा आत दाबला जातो आणि हाड वाकडं होतं. आज आपल्या वापरातल्या फॉर्मल बुटाचं टोक बघा. मायर यांची रेघ अजून बऱ्याच बुटांना पोचलेली नाही.

मॅट्झेलिगरचं यंत्र

कातडं कापणं, शिवणं, तळ ठोकणं ही कामं एकोणिसाव्या शतकात यंत्रांनी घेतली. एक काम मात्र यंत्राला जमेना: कातडं फर्म्यावर ओढून टोकाच्या चुण्या मिटवणं. अमेरिकेतल्या लिन या बुटांच्या शहरात हे काम करणारे कारागीर सगळ्यात जास्त पगार घेत. एक निष्णात माणूस दिवसाला साधारण पन्नास जोड फर्म्यावर चढवी. बाकी कारखाना त्याच्यासाठी थांबलेला असे.

यान अर्न्स्ट मॅट्झेलिगर १८५२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये जन्मला. वडील डच इंजिनिअर, आई कृष्णवर्णीय. लिनला येऊन तो कारखान्यात मजुरी करू लागला. रात्री इंग्रजी शिकला, यांत्रिक चित्रकला शिकला, आणि फर्म्यावर काम करणाऱ्यांचे हात बघत राहिला. २० मार्च १८८३ रोजी त्याला पेटंट मिळालं. त्याच्या यंत्राने दिवसाला दीडशेपासून सातशेपर्यंत जोड चढू लागले. बूट स्वस्त झाले. कसबी कारागिरांचा भाव मात्र गेला. पैशासाठी त्याने पेटंटातला मोठा वाटा भागीदारांना दिलेला होता, आणि उद्योगाची खरी श्रीमंती दुसऱ्यांकडे गेली. रंगामुळे लिनमधल्या काही चर्चनी त्याला सदस्य करून घेतलं नव्हतं. १८८९ मध्ये क्षयाने तो गेला, तेव्हा वय अवघं ३६. ज्या एका चर्चने त्याला आपलं म्हटलं, त्याला त्याने आपल्या शेअर्सचा वाटा ठेवला.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. जोडा बनवणाऱ्याच्या हाताशिवाय कोणाचं चालत नाही, आणि देवळाच्या दारात त्यालाच थांबवतात, हे आपण जवळून बघितलेलं आहे.

बूट आत, जोडा बाहेर

भारतात फर्म्यावरचा बूट आला तो साहेबाबरोबर. त्याच्याबरोबर एक नवा भेदही आला. १८५४ साली गव्हर्नर जनरलच्या सरकारने ठराव केला की इंग्रजी बूट-मोजे घालणाऱ्या हिंदी सद्गृहस्थांना दरबारासारख्या प्रसंगी ते घालून येता येईल. देशी जोडा मात्र दाराबाहेरच काढायचा. दोन्ही कातड्याचेच. एक फर्म्यावर ताणलेला होता आणि दुसरा नव्हता, एवढ्यावर उंबरठा ठरला.

पुढे कानपूरच्या कारखान्यांत फौजेसाठी बूट बनू लागले. शिपायाच्या पायात सरकारी बूट आला तेव्हा त्याला जात विचारायची सोय नव्हती. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ज्यांच्या आजोबांना गावात वहाणा हातात घ्याव्या लागत होत्या, ते बूट आपटत कवायत करत होते. फर्मा इंग्रजी, पाय आपला. बूट चावत असेलही, पण तो काढायला कोणी सांगू शकत नव्हतं.

भंडाऱ्याला याची एक खूण रोज दिसते. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. डॉ. आंबेडकर उमेदवार होते आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून त्यांचा पराभव झाला. निवडणूक हरलेल्या त्या माणसाचे पुतळे आज चौकाचौकांत आहेत: सूट, टाय, हातात संविधान आणि पायात बूट. आपल्याकडे थोर माणसाचं चित्र काढताना पाय अनवाणी दाखवायची रीत मोठी आहे. इथे बूट दाखवल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. फर्म्यावरच्या बुटाचा हाही इतिहास आहे, आणि रुंद पंज्याच्या तक्रारीत तो विसरून चालणार नाही. ज्यांना अनवाणी ठेवलं गेलं, त्यांना अनवाणी चालण्याचे फायदे सांगताना जरा जपूनच बोलावं.

एकशे सत्तर रुपयांचा बूट

तरी फायदे-तोटे मोजलेले आहेत. १९९२ मध्ये राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी कर्नाटकातल्या ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. बूट-चप्पल घालणाऱ्या मुलांमध्ये सपाट तळव्याचं प्रमाण ८.६ टक्के निघालं, अनवाणी मुलांमध्ये २.८ टक्के. बंद टोकाचे बूट घालणाऱ्यांत ते चप्पल-सँडलवाल्यांपेक्षा जास्त होतं. वाढत्या पायाला बुटाचा आकार लागतो, हे त्यातून दिसलं.

म्हणून पुढची गोष्ट महत्त्वाची. जुलै २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना गणवेशाबरोबर एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे द्यायचं ठरवलं. एका विद्यार्थ्यामागे १७० रुपये. शाळेत अनवाणी येणाऱ्या मुलाच्या पायात बूट यावा, याला कोणाचा विरोध असेल? पण १७० रुपयांत फर्म्याच्या रुंदीचा विचार कोण करणार? स्वस्तातला बूट त्याच फर्म्यावर निघतो, जो कारखान्यात आधीपासून पडलेला आहे. लाखांदूरच्या बांधावरून शाळेत येणारी मुलगी त्या फर्म्याच्या हिशोबात कधी नव्हतीच.

ती हिशोबात यावी म्हणून एक मोठं काम झालं आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांचे पाय त्रिमितीय स्कॅनरने मोजले. भारतीय पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा रुंद आहेत, हे त्यातून आकड्यांनिशी पुढे आलं. बाईच्या पायाची वाढ अकराव्या वर्षाच्या आसपास शिगेला पोचते, पुरुषाची पंधरा-सोळाव्या. या मोजणीवरून ‘भ’ नावाची मापपद्धत सुचवली गेली. भारतातला भ. त्यात वयानुसार आठ गट आहेत. सात ते अकरा वर्षांच्या मुलांचा चौथा गट, बारा-तेराच्या मुलींचा पाचवा, बारा ते चौदाच्या मुलांचा सहावा. म्हणजे पहिली ते आठवीची जवळजवळ अख्खी शाळा यात येते.

‘भ’ म्हणजे खोक्यावरचा नवा आकडा, असं समजलं तर तो फुकट जाईल. लेबल बदलायला एक दिवस लागतो. फर्म्यांचा संच बदलायला पैसा लागतो, आणि तो खर्च कारखानदार उगाच करणार नाही. तो करेल, जर मोठ्या खरेदीदाराने मागणी केली. महाराष्ट्रात शाळकरी मुलांच्या बुटांचा सर्वांत मोठा खरेदीदार सरकार होऊ शकतं. खरेदीच्या निविदेत कातडं की रेक्झिन, काळा की तपकिरी, हे लिहिलेलं असतं. त्यात एक ओळ वाढवता येईल: बूट भारतीय पायाच्या मापाच्या फर्म्यावर बनलेला असावा, आणि प्रत्येक नंबरात रुंदीचे किमान दोन पर्याय असावेत.

जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी सँडल दाखवली आणि श्रेय दिलं नाही, तेव्हा आपण सगळे फोनवर चिडलो होतो. चिडणं योग्यच होतं. भौगोलिक मानांकन मिळालेली ती आपली चप्पल. पण आपला आकार दुसऱ्याने उचलला याचा जेवढा राग आला, तेवढा दुसऱ्याचा आकार आपल्या पोरांच्या पायावर दीडशे वर्षं चढवला गेला याचा आला नाही. त्या रागाला हॅशटॅग लागत नाही. पुढच्या वेळी बूट घेताना कागदावर उभं राहा, पेन्सिलने पायाभोवती रेघ काढा आणि बुटाचा तळ त्यावर ठेवून बघा. करंगळीच्या बाजूला कागदावरची रेघ तळाच्या बाहेर किती राहते, ते दिसेल. तेवढं अंतर अजून भरायचं आहे.